बिनविस्तवाची खिचडी

"आजपासून सांजची चूल बंद," पुंजाजीने सकाळी सकाळी जाहीर केलं, आणि त्याच्या बायकोच्या, प्रयागबाईच्या हातातली फुंकणी दणकन खाली पडली.

"काहून? दाने सरले का घरातले?"

"दाने नाई, जयतन. जयतन वाचवा लागते. लढाई चालू हाय, घासलेट भेटत नाई, लाकडं भेटत नाई. सरकारचं म्हननं हाय."

"सरकार येते का मायासंग चुलीपाशी बसाले? का त्याच्या डोयात जाते धूर?"

"धूरच नाई होनार म्हनतो ना मी!"

माजघरात बाजेवर पडलेल्या तुळसाबाईने गोधडी नाकापर्यंत ओढून घेतली आणि कान तेवढे बाहेर ठेवले. चार दिवस ती तापाने फणफणली होती. आज ताप उतरला होता, पण अंगात उठायचं त्राण नव्हतं. पडल्या पडल्या फुकटची करमणूक होत असेल तर ती सोडणाऱ्यांपैकी ती नव्हती. पुंजाजी तिचा थोरला. आसेगावात कोणतीही नवी गोष्ट आली की ती पहिल्यांदा याच्या घरात शिरायची आणि पहिल्यांदा इथेच मोडायची. गेल्या साली त्याने कडबा कापायचं यंत्र आणलं होतं. त्यात कडबा सोडून बाकी सगळं कापलं गेलं.

धाकटा शालिग्राम. त्याचं घर शेजारीच, मध्ये फक्त बोराटीचं कुंपण. पण दोघा भावांत अकरा वर्षं शब्द नव्हता. वेगळे निघाले तेव्हा त्यांनी वावर वाटलं, बैल वाटले, परात आणि पाटासुद्धा वाटला. पोळ्याचा मान तेवढा वाटायचा राहून गेला. आसेगावच्या पोळ्यात तोरणाखालून पहिली जोडी जायची ती यांच्या घरची. पुंजाजी म्हणे, मी थोरला, मान माझा. शालिग्राम म्हणे, मान माणसाचा नसतो, बैलाचा असतो, आणि बापाच्या हातची जोडी माझ्या वाट्याला आली आहे. त्या वर्षी दोन्ही जोड्या एकदमच तोरणात घुसल्या. तोरण तुटून लोकांच्या अंगावर पडलं, आणि पोळा फुटायच्या आधी भाऊ फुटले. बैलांचं मात्र काही बिनसलं नव्हतं. ते कुंपणावरून माना काढून एकमेकांना चाटत बसायचे.

यंदाचा पोळा पंधरा दिवसांवर आला होता. तुळसाबाईला आता या जगाकडून दुसरं काही नको होतं. दोन्ही पोरं एका पंगतीला बसलेली एकदा पाहायची, मग यमाने खुशाल रेडा दारात बांधावा. तापात तिने पुंजाजीला विचारलंही होतं, "मी मेल्यावर तरी एका जागी बसून जेवान का रे दोघं?" पुंजाजी म्हणाला होता, "मेल्यावरचं मेल्यावर पाहू, माय." म्हातारीला ते फार लागलं. ताप उतरला तरी ते काही उतरलं नव्हतं.

तर ही चूल बंद करायची कल्पना पुंजाजीच्या डोक्यात घातली ती ग्रामसुधारणेच्या साहेबांनी. आठ दिवसांपूर्वी ते चावडीत भाषण करून गेले होते. बाहेर पाऊस, आत बारा माणसं, त्यांतली नऊ झोपलेली. "प्रत्येक घराने रोज फक्त एक लाकूड वाचवलं, तर वर्षाला केवढं जंगल वाचेल, याचा विचार करा!" साहेब म्हणाले. झोपलेल्यांनी विचार केला नाही. जागे होते त्यांत पुंजाजी होता. साहेबांनी त्याला एकट्याला बाजूला घेऊन सगळी युक्ती समजावली. लाकडी खोक्यात कोरडं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, दाबून भरायचं. मडक्यात डाळ-तांदूळ घालून सकाळी चुलीवर एक उकळी आणायची, मडकं लगेच उचलून तणसात पुरायचं, वरून गोधडी टाकायची. संध्याकाळपर्यंत आतल्या आत शिजून तयार. फक्त मध्ये उघडायचं नाही. "आधी घरी करून पाहा, जमलं की गावाला दाखवा," असं साहेबांनी बजावलं होतं. पुंजाजीने ते मनावर घेतलं. शालिग्रामला कळायच्या आत आपल्या घरी ही चीज झाली पाहिजे, यासाठी त्याने तोंडाला कुलूप लावलं.

चूल बंद जाहीर केली त्याच सकाळी तो जगदेव कुंभाराकडे गेला. काखेत तणसाची पेंढी, डोक्याचं पागोटं घरी विसरलेलं, आणि नजर चोरासारखी.

"एक नवं मडकं दे," तो हळूच म्हणाला.

जगदेवने पेंढी पाहिली, उघडं डोकं पाहिलं. "कोनासाठी, भाऊ?"

"मायसाठीच नेऊन राह्यलो. पन आताच कोनाले सांगू नको."

खिचडी खरोखर मायसाठीच होती. चार दिवस उपाशी असलेल्या म्हातारीला काहीतरी मऊ पाहिजे होतं. पण जगदेवच्या मनात भलतंच आलं. त्याने मडकं पुढे केलं आणि पुंजाजीने ते घेतलं. टिचकी मारून न पाहता घेतलं. अख्ख्या वऱ्हाडात मडकं न वाजवता नेतात ते एकाच कामाला. जगदेवने चाक थांबवलं, हात धुतले आणि "रामा, रामा" करत तो ओट्यावर बसून राहिला. कोणाला न सांगायचं वचन त्याने पाळलं. येणाऱ्या-जाणाऱ्याने "काहून बसला रे?" विचारलं तर फक्त पुंजाजीच्या घराकडे बोट करून तो डोळे पुसायचा.

दहाच्या सुमारास खिचडीला उकळी आली. पुंजाजीने मडकं उचललं, खोक्यात पुरलं, खोकं म्हाताऱ्या आईच्या बाजेखाली सरकवलं आणि निंदणावर बाया लावल्या होत्या तिकडे वावरात निघून गेला. जाताना बायकोला चार वेळा सांगून गेला, "सांजलोक उघडू नको!"

श्रावणातलं जळण ओलं. दिवस कलला की आसेगावच्या प्रत्येक छपरातून असा धूर निघायचा की परक्याला वाटावं, गावाला आग लागली आहे. त्या दिवशी फक्त पुंजाजीच्या कवेलूंतून धूर नव्हता. गावात कोणाकडे वर्तमानपत्र येत नसे, त्याची गरजही नव्हती. कोणाकडे पाहुणे, कोणाकडे भांडण, कोणाच्या घरी पुरण, हे लोक धुरावरून वाचायचे. आणि धूरच नाही याचा अर्थ शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. घरात माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही.

पलीकडची सोजरबाई दारात येऊन उभी राहिली. तिचा डावा कान पार गेलेला, आणि उजव्याला जे ऐकायचं असे तेच ऐकू येई.

"काय वं प्रयाग, चूल गार दिसून राह्यली?"

सकाळपासून नवऱ्याशी भांडून प्रयागबाईचे डोळे लाल झाले होते. "गारच राहीन आता बाई. काय सांगू तुमाले."

सोजरबाईने पदर तोंडाला लावला. "आतमंदी हाय का?"

"हाव, माजघरात. बाजेपाशी. झाकून ठेवलं. सांजलोक उघडू नको म्हनते."

"कवा झालं वं?"

"सकायीच. दहाक वाजता."

"लय तरास तं नाई ना झाला?"

"कायचा तरास? एक उकयी आली अन् लगेच उचललं."

सोजरबाईच्या उजव्या कानाने 'उकयी' काही घेतली नाही, 'उचकी' घेतली. एक उचकी आली आणि देवाने लगेच उचललं! तिला भडभडून आलं. "नशीबवान वं! असं भेटत नाई कोनाले. अन् गावात काहून सांगलं नाई अजून?"

"त्यायचंच म्हननं. पयले पाहू म्हनते, मंग सांगू."

तुळसाबाईच्या धनजला दिलेल्या लेकीची वाट पाहत असतील, हे सोजरबाईने मनातल्या मनात जुळवून टाकलं. माजघरात तुळसाबाई हे सगळं ऐकत होती. सोजरबाई खिचडीच्या एवढ्या चौकशा का करते आहे, हे काही तिच्या ध्यानात येईना. शेजारीण जाताना "अरे देवा" म्हणाली तेव्हा तिला वाटलं, हिच्याच घरी काहीतरी झालेलं दिसतं. बिचारी.

भाकरी थापायच्या नाहीत, चूल सारवायची नाही, त्यामुळे प्रयागबाईचे हात अचानक रिकामे झाले. लग्न झाल्यापासून दिवस मावळायच्या आत ती कधी मोकळी झाली नव्हती. ती पदर सावरून मारुतीच्या देवळात पोथी ऐकायला जाऊन बसली, तीही अगदी पुढे. मागच्या बाया एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. सासू घरात झाकून ठेवली अन् सून पोथीला! "कलयुग वं, कलयुग," म्हणत एकेक जण उठली आणि पुंजाजीच्या घराकडे चालू लागली. प्रयागबाई डोळे मिटून ऐकत राहिली. शेवटी देवळात ती आणि पोथीवाले बुवा दोघेच उरले.

इकडे माशा फार म्हणून तुळसाबाईने गोधडी डोक्यावरून घेतली होती आणि तिचा डोळा लागला होता. जाग आली ती गलक्याने. माजघरात दहा-वीस बाया एका सुरात रडत होत्या.

"सोन्यावानी मानूस होतं वं!" हा सोजरबाईचा आवाज. "ताकाले गेली तं कदी नाई म्हटलं नाई!"

कोण गेलं असेल, म्हणून तुळसाबाई आठवू लागली. गावात ताक देणारी अशी कोण? मग सोजरबाईने तिचंच नाव घेऊन हंबरडा फोडला, तेव्हा म्हातारीचं डोकं चाललं. तुळसाबाईचं आणि सोजरबाईचं तीन वर्षांपूर्वी भांडण झालं होतं ते ताकावरूनच. 'पानी इकते, ताक म्हनून वाटते,' हे सोजरबाईचे शब्द होते. माणूस मेल्याशिवाय त्याच्या ताकाला चव येत नाही, हे तुळसाबाईला आज कळलं.

तिला आधी राग आला, मग हसू आलं, मग वाटलं, थोडं ऐकून तर घेऊ. जन्मात कोणी असं बोललं नव्हतं. तिच्या हाताचं भरीत, तिची ओव्यांतली जागा, तिचा नाकाचा शेंडा, सगळ्याची तारीफ चालली होती. एकीने तर "केवढी देखनी होती वं" म्हटलं. एवढ्यावर आपण पुरे करावं, उठून बसावं आणि "अवं, मी हावो ना!" म्हणावं, असं ठरवून तिने तोंड उघडलं, आणि ओसरीवर पायांचा धपधप आवाज झाला.

"माय! माय वं!"

तो शालिग्राम होता. बोराटीचं कुंपण त्याने सरळ अंगावर घेऊन ओलांडलं होतं, धोतराच्या चिंध्या झाल्या होत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो या घराच्या उंबऱ्याच्या आत आला होता. त्याने बाजेचा खूर धरला आणि लहान मुलासारखा रडू लागला. तुळसाबाईचं काळीज गोधडीखाली पिळवटून निघालं. उठून त्याला पोटाशी धरावं असं तिला वाटलं. पण तिने पाऊणशे पावसाळे पाहिले होते. मी उठले तर हा डोळे पुसेल आणि आल्या वाटेने कुंपणापलीकडे जाईल. मेले आहे तोवर बसेल.

तिने तोंड मिटलं आणि मरून पडायचं ठरवलं.

मरणं सोपं नसतं, हे तिला लवकरच कळलं. एक माशी गोधडीच्या आत शिरली आणि नाकावर फिरू लागली. खालच्या खोक्यातून तुपाचा आणि जिऱ्याचा वास येऊ लागला. चार दिवसांच्या रिकाम्या पोटाने मोठ्याने गुरगुर केली.

"हे काय वाजलं वं?" एकीने विचारलं.

"बाजेखाली मांजर असन," सोजरबाई म्हणाली. आवाज तिच्या डाव्या कानाशी झाला होता, तिला नीट ऐकूच आला नव्हता, आणि तेच कामी आलं.

"मले एक डाव तोंड पाहू द्या मायचं," म्हणत शालिग्रामने गोधडीला हात घातला. तुळसाबाईने आतून गोधडी घट्ट धरली. पण सोजरबाईच मध्ये पडली. "नाई बापा! सांजलोक उघडू नका म्हनलं हाय पुंजाजीनं. धनजवरून लेक यायची हाय." धनजला सांगावा खरंच गेला होता. बातमी गावभर झाल्यावर जगदेवने स्वतःच्या खर्चाने माणूस पाठवला होता.

बाहेर गावाने काम हाती घेतलं होतं. रंगूबाईने, म्हणजे शालिग्रामच्या बायकोने, सासूचं सुतक म्हणून आपल्या पेटत्या चुलीवर घागरभर पाणी ओतलं. तव्यावरची भाकर तशीच राहिली. दोन्ही घरच्या माणसांना मयताच्या दिवसाचा कडू घास जेवायला घालायचा म्हणून आळीतल्या एकोणीस घरांनी आपापली विझवलेली चूल पुन्हा पेटवली आणि बेसन-भाकर रांधायला घेतली. शिवाय सरणापुरतं कोरडं लाकूड श्रावणात एका घरी कुठून मिळणार? तेव्हा प्रत्येक घराने आपल्या माळ्यावरचं एकेक, दोनदोन लाकूड काढून दिलं. कोणी बाभळीचं, कोणी लिंबाचं, जगदेवने तर भट्टीसाठी राखलेला अख्खा ओंडका आणून टाकला. बैलगाडी भरली. साहेबांनी सांगितलेलं जंगल पुंजाजीच्या अंगणात येऊन पडलं.

आणि पुंजाजी वावरातून आला.

अंगणात एवढी गर्दी पाहून तो क्षणभर थबकला, मग त्याचा चेहरा उजळला. बातमी फुटली तर! सगळं गाव आपली बिनविस्तवाची चूल पाहायला लोटलं होतं. "एवढे लोकं!" तो म्हणाला. "आता लपवून काय करू? चला आत, दाखवतो साऱ्यायले!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सकायी दहाले ठेवली," पुंजाजी उत्साहाने सांगू लागला, "पन अजून गरम असन! हात लावून पाहा लागलं तं."

सोजरबाईला झीट यायची वेळ आली.

"आपल्या गावात ही पयलीच हाय," पुंजाजी पुढे म्हणाला. "पन घाबरू नका. एकेकाच्या घरी येऊन करून देतो. म्हाताऱ्या मानसायसाठी तं लयच बेस! तरास नाई, धूर नाई, काई नाई."

गर्दीतले चार म्हातारे मुकाट्याने मागे सरकले.

भावाला दुःखाने भ्रम झाला, एवढंच शालिग्रामला दिसलं. तो ओसरीवरून धावत आला आणि त्याने पुंजाजीला मिठी मारली. "दादा! असं नको बोलू रे दादा!"

अकरा वर्षांनी 'दादा' ऐकून पुंजाजीच्या हातातला विळा गळून पडला. खिचडीने भाऊसुद्धा विरघळतो, हे साहेब बोलले नव्हते. त्यानेही भावाला घट्ट धरलं. "शाल्या, तुयाच्यापासूनच लपवून राह्यलो होतो रे मी. माफ कर."

"मले सांगाचं तं होतं, दादा. मी परका हावो का?"

"तुले तुयी वेगळी करून देतो ना!"

"दादा, माय एकच असते रे!"

इथे पुंजाजी अडखळला. "माय? मायचं काय मधात?" त्याची नजर बैलगाडीतल्या लाकडांवर गेली, कोपऱ्यात बांबू सोलत बसलेल्या माणसांवर गेली, ओळीने पदर तोंडाला लावलेल्या बायांवर गेली. "काय झालं मायले?"

सोजरबाईने माजघराकडे बोट केलं. गावाची तुळसाबाई केव्हाच मेली होती, पुंजाजीची माय त्या क्षणी मेली. पुंजाजी किंचाळत आत धावला आणि बाजेवर आडवा पडला. त्याच्या वजनाने तुळसाबाईची उरलीसुरली हवा निघून गेली, पण तिने हूं की चूं केलं नाही.

"माय वं! मी वावरात अन् तू इकडे गेली! माया तोंडून काय निघून गेलं, मेल्यावर पाहू म्हनलं मी! जेवतो वं शाल्याजवय बसून! रोज जेवतो! पोयाचा मान बी त्यालेच देतो, तू उठ फक्त!"

"नाई दादा," शालिग्राम हुंदके देत म्हणाला, "मान तुयाच. तू थोरला."

"तुले देल्ला म्हनलं ना!"

"मी घेनार नाई! तुयाच हाय तो!"

"घेनार नाई? मी देऊन राह्यलो अन् तू घेनार नाई?"

"काहून घेऊ? अकरा साल तूच थोरलेपन गाजवलं, आज कायले सोडतं?"

"पाह्यलं का? पाह्यलं का कसा बोलते! मायच्या मातीसमोर बी अडून राह्यला!"

"अडून मी राह्यलो का तू?"

दोघेही उभे राहिले. पुंजाजीने बाही वर केली. इतका वेळ मेलेली राहून जमवलेलं सगळं डोळ्यांदेखत नासायला लागलं, तेव्हा तुळसाबाईचा संयम सुटला. तिने गोधडी भिरकावली आणि ताडकन उठून बसली.

"चूप बसा, मुडद्यांनो! मानसाले सुखानं मरू तं द्या!"

पुढच्या घटकाभरात माजघर रिकामं झालं. बाया खिडकीतून गेल्या, दारातून गेल्या, एक तर कोनाड्यातून जायच्या प्रयत्नात होती. सोजरबाई लाकडांच्या गाडीवर चढून बसली आणि तिथूनच रामरक्षा म्हणू लागली. जागचे हलले नाहीत ते दोघे भाऊच.

"बसा खाली," तुळसाबाई म्हणाली.

ते बसले.

"एक बैल त्याच्या जोडीतला, एक तुयाच्या जोडीतला. एका जुवाले जुपा अन् घाला तोरनात. अकरा साल झाले, बैलायले समजलं ते तुमाले नाई समजलं." दोघांनी मान हलवली. "आता जेवा. मले बी वाढा. भुकेनं खरंच जीव चालला माया."

ओसरीवर एकोणीस घरची बेसन-भाकर ओळीने झाकून ठेवली होती. पुंजाजी चाचरत म्हणाला, "माय, हे तं कडू घासाचं हाय. तू जिती असताना कसं खावं?"

म्हातारीने एक क्षण विचार केला. "रंगू, गुयाचा खडा आन." तिने तो फोडून दोन्ही पोरांच्या ताटात टाकला. "झालं गोड. खा आता." मग आपल्या मातीला आलेल्या भाकरीचा पहिला घास तिने स्वतःच तोंडात घातला, आणि दोन्ही लेकरं शेजारी शेजारी जेवताना पाहून तिला तो गिळवेना. डोळ्यांतून धारा लागल्या. पोथी संपवून घरी आलेली प्रयागबाई दारात उभी राहून विचारत होती, "एवढे लोकं काहून जमले वं? खिचडी बिघडली का?"

खिचडी बिघडली नव्हती. बाजेखालून खोकं काढलं तेव्हा ती फुलासारखी शिजलेली आणि वाफाळत होती. फक्त ती खायला कोणाच्या पोटात जागा राहिली नव्हती. म्हातारीने मात्र अर्धं मडकं संपवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धनजवरून लेक छाती पिटत बैलांच्या दमणीतून उतरली, तर तुळसाबाई दारात बसून लसूण सोलत होती. लेकीला गप्प करायला तासभर लागला. गाडीतली लाकडं परत न्यायला कोणी तयार होईना. मातीच्या नावाने निघालेलं लाकूड चुलीत कसं घालावं? "मायाच नावानं आलं ना?" तुळसाबाई म्हणाली. "मंग ते जितेपनीच चुलीत जायलं तं काय बिघडलं?" तिने ती सगळी गोठ्यात रचून घेतली. आणि एक हुकूम सोडला. यापुढे दोन्ही घरांची सांजची चूल एकच पेटेल, आज या घरी, उद्या त्या घरी. कुंपणापलीकडून वेगळा धूर दिसला तर ती पुन्हा मरेल. तिने हे फार सहज सांगितलं, त्यामुळे कोणी हसण्यावारी नेलं नाही.

पोळा होऊन गेला, आणि ग्रामसुधारणेचे साहेब चौकशीला आले. गावात बाकी कोणी खोकं केलं नव्हतं. खोक्याचं नाव काढलं की लोक कानाला हात लावायचे. पण पुंजाजी आणि शालिग्राम एका बाजेवर बसून साहेबांना सांगत होते, दोन घरांत मिळून सांजची एकच चूल. साहेबांनी आनंदाने वही उघडली. अख्ख्या तालुक्यात निम्मं जळण वाचवलेली त्यांना ही पहिलीच घरं भेटली होती.

"शाबास! आजी, हे कसं साधलं, ते मला तुमच्या शब्दांत लिहून घेऊ द्या. बाकीच्या गावांना सांगता येईल. पेटीचा उपयोग झाला ना?"

"पेटी चांगली हाय साहेब," तुळसाबाई म्हणाली. "पन नुसत्या पेटीनं नाई होत."

"मग आणखी काय लागतं?"

"घरातलं एक मानूस मरा लागते."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, पुंजाजीकडे पाहिलं. दोघे भाऊ गंभीरपणे माना हलवत होते. साहेबांनी हळूच वही मिटली.